नकाशातील आकडा आणि दारावरची पट्टी

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखादा विषय घेईन अशी त्यांची अपेक्षा असणे साहजिक होते. मी विषय कळविला तो असा : संगणकावर इमारतीचा नकाशा करताना भिंतींना आणि दारांना अग्निरोधाचा आकडा कसा लावतात. चालक थोडे चपापले. एकाने विनयाने विचारलेही, "हा विषय आर्किटेक्ट मंडळींचा नव्हे काय?" मी म्हणालो, "आकडा लिहितात ते आर्किटेक्ट. पण त्या आकड्याच्या भरवशावर रात्री झोपतो तो आपण. मग विषय आपला कसा नाही?" त्या उत्तराचाच हा विस्तार आहे.

प्रथम एक कबुली देतो. मी वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. माझे शिक्षण रात्रशाळेत झाले, आणि तेही तुकड्यातुकड्याने. पुढचे सारे वाचून, विचारून आणि जाणत्यांच्या शेजारी बसून मिळविलेले आहे. तेव्हा मी सांगेन ते तज्ज्ञाचे प्रवचन नव्हे; चौकस माणसाने गोळा केलेली माहिती आहे, असे समजून वाचकांनी ती पारखून घ्यावी.

क्रेनवरचा आकडा

तरुणपणी मी भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावरील एका इंजिनिअरिंग कारखान्यात कामाला होतो. शेडमध्ये डोक्यावरून क्रेन फिरत असे. तिच्या गर्डरवर पांढऱ्या रंगात ठसठशीत आकडा रंगविलेला होता : ५ टन. क्रेनवर किंवा साखळीवर तिची सुरक्षित भारक्षमता स्पष्ट लिहिलेली असावी आणि त्याहून अधिक भार तिला लावू नये, अशी अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमात घातलेली होती. मी नवखा होतो. आमच्या खात्यातल्या एका वयस्क रिगरला मी विचारले, "मामा, क्रेन किती टनांची हे मालकाला ठाऊक असतेच. मग एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवायचे कशाला?" ते म्हणाले, "अरे, तो आकडा मालकासाठी नाही. खाली जो उभा राहतो ना, त्याच्यासाठी आहे."

पुढे युनियनच्या कामात हे वाक्य मला अनेकदा आठवले. एखादा करार लेबर कमिशनरच्या कचेरीत सह्या होऊन कपाटात पडला, आणि खात्यातल्या माणसाला त्यातले कलम ठाऊकच नसले, तर तो करार असून नसल्यासारखा होतो.

तो कारखाना बंद पडला. त्या रस्त्यावरचे आणखीही कितीतरी कारखाने गेले आणि त्यांच्या जागी मनोरे, मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. आज माझे काम त्या मनोऱ्यांतल्या वॉचमन, लिफ्टमन आणि सफाई कामगारांमध्ये आहे. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या अशाच एका उंच इमारतीत मी जिन्याने उतरत होतो. मजल्यामजल्यावर जिन्याचे जड दार विटेचा तुकडा लावून उघडे ठेवलेले होते. सफाई करणाऱ्या बाईंना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "दादा, दोन्ही हातांत बादल्या असतात. दार आपसूक मिटतं, अंगावर येतं. म्हणून वीट लावते." ते दार मिटलेलेच का राहावयास हवे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दाराच्या कडेला धातूची एक छोटी पट्टी होती. रंगाऱ्याने दाराबरोबर तिच्यावरही रंग फासला होता. नखाने खरवडल्यावर खाली १२० हा आकडा दिसला. वॉचमनला विचारले, सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारले; तो आकडा कशाचा हे कोणालाही सांगता आले नाही.

हा १२० कोठून येतो, तो नकाशात कसा लिहितात, आणि लिहिलेला असूनही वाटेत कसा हरवतो, हा माझा विषय आहे.

आकड्याचा अर्थ

१२० म्हणजे १२० मिनिटे. आगीची चाचणी देताना ती वस्तू इतका वेळ टिकली, एवढाच त्याचा अर्थ. ही चाचणी भट्टीवर घेतात. भिंतीचा किंवा दाराचा नमुना भट्टीच्या तोंडावर बसवितात आणि भट्टी ठरलेल्या वेगाने तापवितात. जागतिक मानक ८३४ प्रमाणे ३० मिनिटांनी भट्टीत सुमारे ८४२ अंश सेल्सिअस, ६० मिनिटांनी ९४५ अंश आणि १२० मिनिटांनी १,०४९ अंश तापमान असावे लागते. आपल्याकडे रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अशा चाचण्या होतात. भिंतीच्या बाबतीत तीन गोष्टी पाहतात. ती आपला भार पेलून उभी राहते काय? तिच्यातून ज्वाळा आणि तप्त वायू पलीकडे जातात काय? आणि तिची पलीकडची बाजू फार तापते काय? या शेवटच्या कसोटीत पलीकडच्या बाजूचे तापमान सरासरीने १४० अंशांहून आणि कोणत्याही एका जागी १८० अंशांहून अधिक वाढता कामा नये.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, प्रत्यक्ष आग भट्टीसारखी शिस्तीने वाढत नाही. म्हणून १२० मिनिटे हे घड्याळ लावून दिलेले वचन नव्हे, तर एका वस्तूची दुसरीशी तुलना करण्याचे माप आहे. दुसरी गोष्ट दारासंबंधीची. चाचणी होते ती नुसत्या फळीची नव्हे, तर फळी, चौकट, बिजागऱ्या, दार आपोआप मिटविणारा क्लोझर आणि कडेच्या पट्ट्या या सर्वांची मिळून. भारतीय मानक ३६१४ हे अशा दारांसाठीच आहे. त्यातला एक भाग बदलला की आकडा नुसता कागदावर उरतो.

अशा भिंती आणि दारे कशासाठी लावावयाची? कोकणातल्या वाचकांना भातखाचराचे उदाहरण पुरे आहे. पाणी जागच्या जागी राहावे म्हणून आपण बांध घालतो. इमारतीतही आग आणि धूर जागच्या जागी राहावा म्हणून असेच बांध घालतात : जिन्याभोवती, लिफ्टभोवती, विजेच्या आणि पाण्याच्या डक्टांभोवती. आगीत माणसे बहुधा ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने मरतात. जिन्यात धूर शिरला की खाली उतरण्याची वाटच संपते. आणि खेकड्याने बांधाला एक भोक पाडले तरी खाचर रिकामे होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

कोणत्या बांधाला किती मिनिटे, हे राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या चौथ्या भागात सांगितले आहे. ही संहिता १९७० साली प्रथम निघाली आणि पुढे सुधारत जाऊन २०१६ साली नव्या रूपात प्रसिद्ध झाली. एकच उदाहरण घेऊ. २०१६ च्या संहितेप्रमाणे विजेच्या तारा आणि नळ वर नेणाऱ्या डक्टाच्या भिंतींचा अग्निरोध निदान १२० मिनिटांचा हवा. विजेच्या डक्टाच्या तपासणीदाराचाही तितकाच हवा, इतर डक्टांच्या दाराचा ६० मिनिटांचा चालतो. आपल्या मजल्यावर मीटरशेजारचे जे दार फडताळ समजून आपण झाडू ठेवावयास वापरतो, त्याच्यामागे असा हिशेब असतो.

रेघ आणि भिंत

आता संगणकाकडे वळू. आमच्या एका सभासदाची मुलगी आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे करते. रंगाखालचा आकडा मी तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "काका, तो आकडा आधी माझ्याकडे असतो. या एकदा, दाखवते." दोन रविवार मी तिच्या शेजारी बसलो.

पूर्वी ड्राफ्ट्समन टी-स्क्वेअर लावून ट्रेसिंग कागदावर शाईने नकाशा काढीत असे. दोन समांतर रेघा म्हणजे भिंत, हे पाहणाऱ्याला कळे. अग्निरोधाची भिंत दाखवावयाची तर तो शेजारी टीप लिही किंवा रंगीत पेन्सिलीने ती भरून काढी. पुढे ऑटोकॅडसारखी साधने आली आणि त्याच रेघा पडद्यावर काढता येऊ लागल्या. काम झपाट्याने होऊ लागले. पण संगणकाच्या लेखी त्या रेघाच होत्या. शेजारी लिहिलेले "१२० मिनिटे" हे शब्द आणि त्या रेघा यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे यंत्राला ठाऊक नव्हते.

त्यानंतर रेव्हिट आणि आर्किकॅड यांसारखी साधने रुळली. यांत माणूस रेघ काढीत नाही, भिंत उभी करतो. ती भिंत यंत्राला भिंत म्हणूनच ठाऊक असते. तिची जाडी किती, ती विटेची की काँक्रीटची, तिला प्लास्टर किती, ती कोणत्या मजल्यापासून कोठवर जाते, ही सारी माहिती तिच्यासोबत राहते. आपल्या हजेरीपत्रकात प्रत्येक कामगाराच्या नावापुढे खाते, पगार आणि भरतीची तारीख असते, तशीच येथे प्रत्येक भिंतीची आणि दाराची नोंद असते. त्या नोंदीत एक रकाना अग्निरोधाचा असतो. काही घटकांना तो तयार मिळतो, काहींना कचेरीने आपण होऊन जोडून घ्यावा लागतो.

मुलीने एक भिंत निवडली, रकाना उघडला आणि त्यात १२० लिहिले. मी तिला म्हटले, "पोरी, तेथे 'भांडुप' असे लिही बघू." ती हसली आणि तिने लिहिले. यंत्राने ते निमूटपणे घेतले, आणि नकाशात त्या भिंतीवर "भांडुप" असे लेबल झळकू लागले. त्या दिवशी मला अर्धा विषय समजला. यंत्र आकडा सांभाळते, पण तो खरा की खोटा हे पाहात नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची.

लेबल लावण्याची रीत

लेबल लावण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत मोठा फरक आहे. एक मार्ग असा की, भिंतीशेजारी सुटे अक्षर टाइप करावयाचे. दुसरा मार्ग असा की, रकान्यात जे लिहिले आहे तेच वाचून दाखविणारी खूण भिंतीला जोडावयाची. अशा खुणेला त्या धंद्यात टॅग म्हणतात. मुलीने मला दोन्ही करून दाखविले. एका दारापाशी तिने सुटे अक्षर टाइप केले, दुसऱ्याला टॅग जोडला. दोन्हींवर १२० दिसत होते. मग तिने दोन्ही दारांच्या रकान्यांत ६० लिहिले. टॅग क्षणात ६० झाला. सुटे अक्षर १२० चेच राहिले. छापलेल्या कागदावर पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. त्यांतले कोणते खरे बोलते आहे हे त्याला कळावयाचे नाही. म्हणून चांगल्या कचेरीचा पहिला नियम असा की, अग्निरोधाचा आकडा सुटा टाइप करावयाचा नाही. तो रकान्यातूनच यावयास हवा.

दुसरा नियम भाषेचा आहे. एकाने "२ तास" लिहिले, दुसऱ्याने "१२० मि." लिहिले, तिसऱ्याने नुसते १२०. माणसाला तिन्ही एकच. यंत्राला तीन निराळी. या साधनांत भिंतींना आकड्याप्रमाणे रंग देता येतो : १२० च्या तांबड्या, ६० च्या पिवळ्या. पाहणाऱ्याला सबंध मजल्याचे बांध एका नजरेत दिसतात. पण यंत्राला सांगितले की १२० असेल ती तांबडी कर, तर "२ तास" लिहिलेली भिंत पांढरीच राहील, आणि पाहणारा समजेल की तेथे बांधच नाही. तेव्हा सर्वांनी एकाच पद्धतीने लिहावयास हवे. २०१६ ची संहिता मिनिटांत बोलते. आपणही मिनिटांतच लिहावे हे सोयीचे.

तिसरा नियम प्रकाराचा आहे. या साधनांत भिंतीचे प्रकार ठरविलेले असतात आणि प्रकाराच्या नोंदीत लिहिले की त्या प्रकारच्या सर्व भिंतींना ते लागू होते. सोय मोठी आहे, पण धोकाही तेवढाच. समजा, २३० मिलिमीटरच्या वीटभिंतीचा एकच प्रकार जिन्याभोवतीही वापरला आणि आवाराच्या कुंपणालाही वापरला. जिन्यासाठी रकान्यात १२० लिहिले की कुंपणही १२० चे म्हणून दिसू लागते. उलट कुंपणाकडे पाहून कोणी तो रकाना पुसला, तर जिन्याचा बांधही पुसला जातो, आणि पुसणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून बांध म्हणून उभ्या राहणाऱ्या भिंतींचा प्रकार वेगळ्या नावाने करून ठेवतात.

चौथा नियम यादीचा. यंत्राला सांगितले की सर्व दारांची यादी दे, तर ते मजला, जागा, माप, अग्निरोध अशी यादी करून देते. त्यात कोरे राहिलेले रकाने चटकन दिसतात. पण कोरा रकाना दोन गोष्टी सांगू शकतो : येथे अग्निरोधाची गरज नाही, किंवा येथे लिहावयाचे राहून गेले. हा घोळ टाळण्यासाठी गरज नसेल तेथे "लागू नाही" असे स्पष्ट लिहावे. मग कोरा रकाना म्हणजे राहिलेले काम, एवढाच अर्थ उरतो. यादीवरून आणखी एक तपासणी करता येते. १२० मिनिटांच्या भिंतीत जे दार बसले आहे त्याचा आकडा काय आहे? भिंत भक्कम आणि तिच्यात साधे पोकळ दार असेल, तर तो बांध नव्हे.

आकडा कोठे गळतो

नकाशात आकडा नीट लिहिला म्हणजे काम झाले असे नाही. तेथून प्रत्यक्ष दारापर्यंतची वाट लांब आहे, आणि या वाटेवर आकडा गळण्याच्या चार जागा मला दिसल्या.

पहिली जागा उंचीची. नकाशा वरून पाहिलेला असतो. भिंत तांबडी दिसते, लेबल १२० चे असते. पण ती भिंत वरच्या स्लॅबपर्यंत गेली आहे की खोट्या छतापाशीच थांबली आहे, हे वरून दिसत नाही. छतापाशी थांबली असेल तर धूर वरच्या पोकळीतून आरामात पलीकडे जातो. त्यासाठी उभा छेद काढून पाहावा लागतो.

दुसरी जागा कागद हस्तांतरित होण्याची. आर्किटेक्ट एक साधन वापरतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर दुसरे, वातानुकूलनवाला तिसरे. यांच्यात देवाणघेवाण व्हावी म्हणून आयएफसी नावाची एक सामाईक पद्धत ठरलेली आहे. तिला जागतिक मानक १६७३९ असा क्रमांक आहे. तिच्यात भिंत, दार, स्लॅब, तुळई, खांब या प्रत्येकासाठी अग्निरोधाची ठरलेली जागा आहे. पण कचेरीने आपला रकाना त्या जागेशी जोडून दिला नाही, तर भिंत पलीकडे पोचते आणि आकडा मागेच राहतो.

तिसरी जागा भोकाची. इमारत झाल्यावर इंटरनेटवाला येतो, वातानुकूलनवाला येतो, आणि १२० च्या भिंतीला ड्रिलने भोक पाडून तार नेतो. ते भोक अग्निरोधक मसाल्याने बुजवावयास हवे असते. पण ही भिंत कोणती हे त्याला कोण सांगणार? नकाशा कपाटात असतो आणि भिंतीवर काही लिहिलेले नसते. त्या गरीब वायरमनला दोष देणे सोपे आहे. खेकड्याला तरी बांध दिसतो. या माणसाला तोही दाखविलेला नसतो.

चौथी जागा बदलाची. दार मोडते, क्लोझर निखळतो, कोणी स्वस्तातले दार आणून बसवितो. नकाशात १२० च राहते.

ही चौथी जागा किती घातक असू शकते हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीने दाखविले. १४ जून २०१७ च्या त्या आगीत ७२ माणसे गेली. त्या दुर्घटनेची मुख्य चर्चा बाहेरून लावलेल्या ज्वालाग्राही आवरणाविषयी झाली आणि ते योग्यच होते. पण तपासात लंडन पोलिसांनी तेथल्या एका घराच्या दाराची चाचणी करविली. ३० मिनिटे टिकावे असे ते दार सुमारे १५ मिनिटांतच हार गेले. कागदावर ३०, प्रत्यक्षात १५. या आगीनंतर ज्यूडिथ हॅकिट यांनी केलेल्या स्वतंत्र पाहणीचा अहवाल मे २०१८ मध्ये आला. त्यात त्यांनी "सोनेरी धागा" अशी कल्पना मांडली : इमारतीची सुरक्षिततेची माहिती नकाशापासून बांधकामापर्यंत आणि पुढे इमारत उभी आहे तोवर एका धाग्यात ओवलेली, ताजी ठेवलेली आणि जबाबदार माणसाच्या हाती असावी. तिकडच्या २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी ती बंधनकारक झाली.

आपल्या उपनगरांत

लंडन दूर आहे. पण १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीला मरोळच्या कामगार विमा रुग्णालयात आग लागली आणि किमान ८ जीव गेले. ज्यांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते त्यांचे ते रुग्णालय. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावला एका पुनर्वसन इमारतीत वाहनतळाच्या जागी साठविलेल्या कापडाने पेट घेतला, धूर वर चढला आणि किमान ७ माणसे दगावली. या दुर्घटनांची कारणे ठरविणे हे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे आणि मी येथे कोणावर दोष ठेवीत नाही. परंतु धूर जिन्याने आणि पोकळ्यांनी वर चढतो, आणि त्याला अडविण्यासाठीच हे बांध असतात, एवढे प्रत्येकाने समजून घ्यावे म्हणून ही नावे घेतली.

आपल्याकडे संगणकी शिस्त जमणार नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला मी पुण्याचे उदाहरण देईन. पुण्याच्या सॉफ्टटेक या कंपनीने ऑटो-डीसीआर नावाची प्रणाली तयार केली, आणि पुणे महापालिकेत व मागाहून मुंबई महापालिकेतही ती वापरात आली. नकाशातला प्रत्येक घटक ठरलेल्या नावाखाली ठेवावयाचा, म्हणजे यंत्र स्वतः चटईक्षेत्र, मोकळी जागा इत्यादी मोजून पाहते. आमच्या ड्राफ्ट्समन मंडळींनी ही शिस्त अंगी बाणविली, कारण तिच्यावाचून मंजुरीचे पानच हलत नसे. चौरस फुटाला पैसा असतो, म्हणून चौरस फूट जपला जातो. मिनिटाला पैसा नसतो, पण माणूस असतो. जी शिस्त फुटाला लावता येते ती मिनिटाला लावता येत नाही, हे मी कसे मानावे?

इमारत उभी राहिल्यानंतरचीही व्यवस्था आपल्या कायद्यात आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावयाचे असते. बहुतेक सोसायट्यांत हा कागद पंप आणि नळकांडी यांच्यापुरता समजला जातो. तोच दिवस दारांचा आकडा तपासण्यासाठीही वापरता येईल.

दोन आक्षेप

माझे हे म्हणणे ऐकून एका वास्तुविशारद मित्रांनी दोन आक्षेप घेतले, आणि ते प्रामाणिक होते.

पहिला आक्षेप खर्चाचा. "लहान कचेरीत दोन माणसे असतात. ही साधने महाग, प्रत्येक दाराचा रकाना भरावयास वेळ लागतो आणि त्याचे पैसे कोणी देत नाही." हे खरे आहे, आणि कामाचे दाम मिळावे हे मी नाही म्हणावयाचे तर कोणी? पण भरावयाचे रकाने सबंध इमारतीचे नाहीत. जिना, लिफ्ट, डक्ट आणि मजल्यांना विभागणाऱ्या भिंती एवढेच आहेत. ज्याने इमारत बांधावयास घेतली त्याने या कामाचे दाम वेगळे मोजावेत.

दुसरा आक्षेप जुन्या इमारतींचा. "उपनगरांतल्या हजारो इमारतींची संगणकावर प्रतिकृतीच नाही. त्यांचे काय?" त्यांच्यासाठी वही आहे. एक रविवार काढावा, वॉचमनला आणि सफाईच्या बाईंना बरोबर घ्यावे, आणि जिन्याचे प्रत्येक दार, डक्टाचे प्रत्येक दार वहीत नोंदवावे : मजला, जागा, पट्टी आहे काय, आकडा काय, दार आपोआप मिटते काय, भिंतीला भोक आहे काय. संगणकाने दिलेल्या यादीत जे रकाने असतात तेच हे रकाने. संगणक नसला म्हणून यादी अडत नाही.

बरोबर त्यांना घ्यावयाचे, कारण ती दारे दिवसाकाठी सर्वांत अधिक वेळा तेच उघडतात. ज्या इमारतीची गोष्ट मी प्रथम सांगितली, तेथे आम्ही हे केले. सोसायटीच्या कमिटीशी थोडी हुज्जत झाली, ती होणारच. शेवटी पट्ट्यांवरचा रंग खरवडून काढला, आणि प्रत्येक दारावर मराठीत आणि हिंदीत लिहिले : "हे दार १२० मिनिटे आग अडविते. मिटलेले ठेवा." सफाईच्या बाईंना बादल्यांसाठी चाकांची गाडी मिळाली आणि विटा निघून गेल्या. तो आकडा ठाऊक झाल्यावर त्या बाई आता इतरांना टोकतात.

दरवर्षी १४ एप्रिलला, याच वसंत ऋतूत, आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या सोबत कापसाच्या गाठी. आग विझवावयास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले. बंबवाला आजही आपल्या इमारतीत शिरतो तेव्हा कोणती भिंत किती टिकेल आणि कोणता जिना धुरापासून मोकळा राहील याचा अंदाज बांधूनच पाऊल टाकतो. तो अंदाज खरा ठरावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आज घरी गेल्यावर लिफ्टने न जाता एकदा जिन्याने चढून पाहावे, आणि दाराच्या कडेला हात फिरवून रंगाखाली काही लागते काय ते पाहावे. लागले तर आकडा वाचावा आणि शेजाऱ्याला सांगावा. न लागले तर सोसायटीच्या पुढच्या सभेत उठून विचारावे, "आपल्या जिन्याचे दार किती मिनिटांचे आहे?" उत्तर लगेच मिळणार नाही, पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावयास सांगावे.